भागाकार विषयांनी नव्हे, क्रेडिटने

मा. संपादक,

सेमिस्टरचा निकाल लागला की ‘आमचा एसजीपीए कमी छापलाय’ ही तक्रार हमखास येते. एसजीपीए म्हणजे त्या सेमिस्टरच्या श्रेणीगुणांची सरासरी. बहुतेक वेळा गुणपत्रिका बरोबर असते, घरचा भागाकार चुकलेला असतो. श्रेणीगुणांची बेरीज करून विषयांच्या संख्येने भागायचे नसते. प्रत्येक विषयाचे क्रेडिट (म्हणजे त्या विषयाला दिलेले वजन) गुणिले श्रेणीगुण (म्हणजे श्रेणीला ठरलेला आकडा) करून ती बेरीज एकूण क्रेडिटने भागायची.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दहाच्या पट्टीवर ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4 आणि एफ शून्य. समजा, चार क्रेडिटच्या तीन विषयांत ए, बी प्लस आणि बी. तीन क्रेडिटच्या दोन विषयांत ए प्लस आणि बी. दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकात ओ. गुणाकार झाले 32, 28, 24, 27, 18 आणि 20. बेरीज 149, क्रेडिट 20, म्हणून एसजीपीए 7.45. नुसती सरासरी 7.67 दाखवते, कारण प्रात्यक्षिकातला ओ तिथे चार क्रेडिटच्या पेपराइतकाच मोजला जातो.

केटी लागलेल्यांची, म्हणजे विषय राहिलेल्यांची, गफलत याहून मोठी. वरच्या उदाहरणात चार क्रेडिटचा बी मिळालेला विषय राहिला तर 24 गुण जातात, पण त्याचे चार क्रेडिट भाजकात राहतातच: 125 भागिले 20, म्हणजे 6.25. तो विषय वगळून 16 ने भागले की 7.81 येतात, पास झालेल्यापेक्षाही जास्त! सीजीपीए, म्हणजे सर्व सेमिस्टरची एकत्रित सरासरी, काढतानाही सेमिस्टरच्या एसजीपीएंची सरासरी घेऊ नये. सर्व सेमिस्टरचे गुणाकार एकत्र करून सर्व क्रेडिटने भागावे.

खरा घोळ टक्केवारीचा आहे. 9.5 ने गुणण्याची सवय सीबीएसईच्या दहावीच्या 2017 पर्यंतच्या श्रेणी पद्धतीची. पदवीला ती सरसकट लावता येत नाही. सीजीपीए 6.93 असेल तर त्या हिशेबाने 65.84 टक्के होतात, आणि 0.75 वजा करून दहाने गुणण्याच्या कर्नाटकातील व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या एका सूत्राने 61.8. पात्रता 65 टक्के असेल तर एका सूत्राने अर्ज टिकतो, दुसऱ्याने बाद होतो. शिवाय एका श्रेणीत येणाऱ्या सगळ्या गुणांना श्रेणीगुण एकच, त्यामुळे सीजीपीएवरून मूळ टक्के परत मिळतच नाहीत. म्हणून अर्जात आपल्या विद्यापीठाचेच सूत्र वापरावे आणि ते सूत्र सांगणारे विद्यापीठाचे पत्र सोबत जोडावे.

विद्यापीठांना विनंती की प्रत्येक विषयापुढे क्रेडिट व गुणाकार आणि मागच्या बाजूला टक्केवारीचे सूत्र ठळक छापावे. त्या एका पत्रासाठी मुलांना अर्जाच्या शेवटच्या दिवसांत परीक्षा विभागाच्या खिडकीवर रांग लावावी लागते.

– एक प्राध्यापक, नाशिक