गायनवृंदाच्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

प्रायश्चित्तकाळापासून (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांपासून) ईस्टरपर्यंत तुम्ही आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) गायनवृंदाला जे शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण वसईतल्या इतर गायनवृंदांनाही यातलं बरंच कामी येईल.

सर्वात मोठं ऋण पट्टीचं, म्हणजे गीत किती उंच सुरात धरायचं त्याचं. मिस्सात (चर्चच्या मुख्य उपासनेत) लोक गात नाहीत ते भक्ती कमी म्हणून नव्हे. बहुतेकदा गीतच त्यांच्या गळ्याबाहेर गेलेलं असतं. पुढच्या दोन तयार आवाजांना सोयीची पट्टी धरली, की मागच्या बाकांवरची माणसं पहिल्या कडव्यातच गप्प होतात. तुमचा हिशेब सोपा आहे: चाल तार षड्जापर्यंत जात असेल तर सा पांढरी एकच्या (कीबोर्डवरच्या C च्या) वर न्यायचा नाही, पंचमापर्यंतच असेल तर पांढरी चारपर्यंत (F पर्यंत) चालेल. सकाळच्या पहिल्या मिस्साला गळे उघडलेले नसतात, तेव्हा आणखी एक स्वर खाली. आणि कीबोर्डवरचं पट्टी बदलणारं ट्रान्सपोज बटण सुरुवातीच्या गीताआधी शून्यावर आहे ना, हे बघायचंच. आदल्या दिवशीच्या लग्नाची पट्टी तशीच राहिली, तर प्रवेशगीतातच सगळे किंचाळतात.

प्रतिसाद स्तोत्राकडे, म्हणजे वाचनानंतर गायक आणि लोक आळीपाळीने गातात त्या स्तोत्राकडे, तुम्ही जितकं लक्ष दिलंत तितकं क्वचितच कोणी देतं. ध्रुवपद गायकाने एकदा एकट्याने म्हणायचं, मग लोकांनी. लोक म्हणत असताना गायकाने माइकपासून एक पाऊल मागे व्हायचं, कारण स्पीकरमधून एकच आवाज घुमत राहिला की लोक ऐकत बसतात. कडवी वाचनपीठावरून एकानेच म्हणायची. श्वासाच्या खुणा पेन्सिलीने आधीच करायच्या, म्हणजे ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ ही ओळ ‘मेंढ’वर तुटत नाही. शेवटचं अक्षर ताणताना ‘देव’चं ‘देवा’ होतं, हेही तुम्ही दर सरावाला पकडलंत. चाल सुंदर असली तरी शब्द बिघडत असेल तर चालीने माघार घ्यायची, हे आम्हाला पूर्ण पटलंय.

पवित्र आठवड्याची तयारी तर तुमच्याशिवाय जमली नसती. गुरुवारच्या गौरवगीतानंतर (‘ग्लोरिया’नंतर) ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाच्या गौरवगीतापर्यंत वाद्य वाजवायचंच तर फक्त गायनाला आधार म्हणून, हा नियम. आपण गुड फ्रायडेला तेही बंद ठेवलं. वाद्याशिवाय गाताना सूर उतरतो: खाली येणाऱ्या स्वरांवर श्वास ढिला पडतो, तोंड मिटत जातं, आणि चौथ्या कडव्याला सगळे अर्धा स्वर खाली असतात. दर दोन कडव्यांनी पिच पाइपवर (सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीवर) हळूच सा द्यायचा हा तुमचा उपाय लागू पडला. क्रुसाला वंदन करणाऱ्यांची रांग लांबते, म्हणून दोन गीतं जास्तीची ठेवायची आणि रांग दिसेल अशा जागी एकाला उभं करायचं, तेही.

जागरणात आलेलुया तीनदा, दर वेळी एक स्वर चढवून. तिसरा लोकांना कुठे झेपेल ते आधी ठरवायचं, मग तिथून दोन स्वर उतरून पहिला सुरू करायचा. बहुतेक ठिकाणी पहिलाच उंच धरतात आणि तिसऱ्याला फक्त गायनवृंद उरतो. यंदा तिसरा आलेलुया सगळं चर्च गायलं! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेच्या संविधानात लोकांचा सक्रिय सहभाग मागितला, तो कानांनी ऐकायचा तर असाच.

चार आवाजांचा हट्ट तुम्ही धरला नाहीत, याचेही आभार. रागातल्या मराठी चालीखाली घाईने कॉर्ड भरले की कोमल गंधार मारला जातो. तिथे सा-प चा आधार पुरतो. जिथे सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस शोभतात तिथे आधी प्रत्येक आवाज वेगळा पक्का, मगच एकत्र.

आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या) चार रविवारांची गीतं काढून ठेवली आहेत. प्रत्येकापुढे सर्वात वरचा सूर आणि पट्टी लिहिली आहे. वही पाठवतोय, सवडीने नजर टाकाल का?

आपला नम्र,
गायनवृंद, वसई