गाडीच्या अपडेटला डिस्कनेक्शन मेमो का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या विजेच्या गाडीने जूनमधल्या एका सकाळी नवघर रोडवर एका रिक्षाला वीतभर अंतर राखून सोडून दिलं. रिक्षावाला मागे वळून जे बोलला ते आपल्या दैनिकात छापता येणार नाही. पण चूक त्याची नव्हती. माझीही नव्हती, असं मी म्हणतो, सौ.चं मत वेगळं आहे.

झालं असं. या गाड्यांत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालू लागते, थोडी वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी आपोआप मंदावते. सगळे त्याला 'रिजन' म्हणतात. आमच्या गाडीत त्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि २०२३ च्या दसऱ्याला गाडी घरी आली त्या आठवड्यापासून मी ती तिसरीवर ठेवलेली. पावणेदोन वर्षांत पायाला अशी सवय लागली की गर्दीत ब्रेकचं काम जवळजवळ उरलंच नाही. आदल्या रात्री दोन वाजता गाडीने स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट करून घेतलं होतं. सकाळी पडद्यावर एकच इंग्रजी ओळ होती, अर्थ असा की अपडेट यशस्वी झालं, आता आपला अनुभव अधिक सुखद होईल. ती वाचून मी निघालो. स्पीडब्रेकरच्या अलीकडे नेहमीच्या जागी पाय उचलला आणि गाडी मंदावेचना. पावसाने रस्ता ओला, पुढे रिक्षा. ब्रेक दाबला, गाडी थांबली, मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढे येऊन पडली.

घरी येऊन मेन्यूतले मेन्यू उघडत गेलो तेव्हा कळलं. अपडेटने रिजन तिसरीवरून पहिलीवर आणून ठेवलं होतं. बाकीच्याही दोन-चार सेटिंग्ज पुसून कारखान्यातून आल्या तशा केल्या होत्या. कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही.

मी ३४ वर्षं मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, त्यातली बरीचशी कुर्ला ते कल्याण या पट्ट्यात. आमच्याकडे एक कागद असतो, डिस्कनेक्शन मेमो. पॉइंट मशीन (रूळ एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारं यंत्र) उघडायचं असो की एखादा रिले (विजेवर चालणारा स्विच) बदलायचा असो, आधी हा मेमो स्टेशन मास्तरकडे न्यायचा. कुठल्या यंत्राला हात लावणार, त्यामुळे कुठले सिग्नल बंद राहणार, किती वेळ, सगळं त्यात लिहायचं. मास्तर सही करून वेळ टाकणार, मग पाना उचलायचा. काम झालं की चाचणी घ्यायची आणि रिकनेक्शनची सही घ्यायची. मधल्या काळात मास्तरला पक्कं ठाऊक असतं की या यंत्रावर आत्ता विसंबायचं नाही. सिग्नल आणि पॉइंट यांचा मेळ संगणकाने राखणारं इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आल्यावर तर सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तिचा चेकसमही (ती बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) नोंदवून ठेवायला लागले. आणि सिग्नलची जागा दहा पावलं जरी सरकली तरी मोटरमनला आधी कळवतात, तशी नोटीस निघते. कारण मोटरमन डोळ्यांपेक्षा सवयीने गाडी चालवतो. आपण सगळेच चालवतो.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाला मी हे सांगितलं. मुलगा सालस होता, चहा मागवला. म्हणाला, ''काका, रेल्वेचं वेगळं. इथे सगळं वरून येतं, आम्हालाही सकाळीच कळतं.'' हे त्याने तक्रार म्हणून नव्हे, माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं.

माझा अपडेटला विरोध आहे असं कृपया कोणी समजू नये. पहिल्या वर्षी आलेल्या दोन अपडेटनी गाडी खरोखर सुधारली. रिव्हर्स कॅमेरा उशिरा लागायचा तो लगेच लागू लागला, आणि किती टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचं ते फोनवरून ठरवता येऊ लागलं. घेतलेली गाडी दोन वर्षांनी पहिल्यापेक्षा बरी होते ही गंमत पेट्रोलच्या गाडीत नव्हती, आणि मी पेट्रोलकडे परत जाणारही नाही. (आमच्या सोसायटीच्या तळघरात मोबाइलचं नेटवर्क नाही. त्यामुळे अपडेट आलं की रात्री गाडी वर आणून वॉचमनच्या केबिनजवळ लावावी लागते. सकाळी त्याचं ठरलेलं वाक्य, ''साहेब, रात्री गाडीने दोनदा डोळे मिचकावले.'' दिव्यांबद्दल बोलतो.)

खरा प्रसंग ऑगस्टमध्ये आला. गणपतीच्या दोन दिवस आधी पहाटे साडेचारला चिपळूणजवळच्या गावी निघायचं होतं. फोनवरच्या ॲपमध्ये बॅटरी ९१ टक्के. खाली गेलो तर गाडी मेलेली. रिमोट दाबला, काही नाही. हँडल ओढलं, काही नाही. रिमोटच्या पोटात एक साधी धातूची चावी लपवलेली असते, तिने दार उघडलं तेव्हा सौ. म्हणाली, ''अहो, ही चावी होती तर इतके दिवस ती बटणं कशाला दाबत होता?'' आत पडदा काळा. आणि ९१ टक्के हा आकडा, नंतर पाहिलं तर, आदल्या संध्याकाळचा निघाला.

बॉनेट उघडून मल्टिमीटर लावला. या गाड्यांत खालच्या मोठ्या बॅटरीशिवाय साध्या मोटारीत असते तशी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते, हे विकताना कोणी ठळकपणे सांगत नाही. दरवाजे, पडदा, संगणक, सगळं तिच्यावर. मोठ्या बॅटरीचा विद्युतप्रवाह गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर असतात, तेही छोट्या बॅटरीच्या जोरावर लागतात. ती झोपली की शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी भरलेली असूनही कुलूपबंद. मला यात नवल वाटलं नाही. लोकल वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेवर धावते, पण सगळं यार्ड अडवून ठेवतो तो केबिनमधला २४ व्होल्टचा रिले. मीटरने १०.४ दाखवलं. सुदृढ बॅटरी साडेबाराच्या वर असते.

हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा पहिला प्रश्न, ''सर, आपण लेटेस्ट व्हर्जनवर आहात का?'' मी म्हटलं, ''बाई, मी पार्किंगमध्ये आहे.''

शेवटी शेजाऱ्यांच्या पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीने लाज राखली. पुस्तिकेत दिलंय तसंच जंपर केबल लावून छोट्या बॅटरीला आधार दिला, पडदा उजळला, कॉन्टॅक्टरचा 'खट्' आवाज आला. तो आवाज ऐकून मला रिले रूममध्ये उभं असल्यासारखं वाटलं. साडेचारऐवजी आठला निघालो. वाटेत एका फास्ट चार्जरवर गाडी आणि चार्जर यांची आपसातली बोलणी तीनदा फिसकटली (वीज सोडण्याआधी दोघांना व्होल्टेज आणि करंट ठरवून घ्यावे लागतात), चौथ्यांदा जमली. ते सोडून देतो. गणपती वेळेत बसले.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरने दोन दिवस गाडी ठेवून कारण शोधलं. गाडी बंद केली की तिच्यातले छोटे छोटे संगणक एकेक करून झोपी जातात. जुलैमधल्या अपडेटनंतर त्यातला एक झोपतच नव्हता. तो रात्रभर जागा राहून छोटी बॅटरी थेंब थेंब पीत होता. मी रोज गाडी काढत होतो तोवर भरपाई होत होती. पावसामुळे चार-पाच दिवस गाडी उभी राहिली आणि हिशेब बिघडला. निदान अगदी नेमकं होतं, त्या मुलांचं मी कौतुक केलं. मग विचारलं, हे आणखी कोणाच्या गाडीत होत असेल तर त्यांना कळवलंत का? उत्तर आलं, ''पुढच्या अपडेटमध्ये फिक्स येईल, सर.'' म्हणजे ज्यांच्या गाड्या अजून मेल्या नाहीत त्यांनी मरेपर्यंत वाट पाहायची.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण मला तीच जास्त टोचते. पूर्वी शंभर टक्के चार्ज केली की गाडी ३१० किलोमीटर दाखवायची. याच अपडेटनंतर २६८ दाखवते. माझ्या गाडीतली बॅटरी एलएफपी प्रकारची, म्हणजे लोह-फॉस्फेटची. तिचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे आत किती शिल्लक आहे ते व्होल्टेज पाहून नीट कळत नाही. सोसायटीच्या टाकीत डोकावता येत नसेल तर किती बादल्या आत गेल्या आणि किती बाहेर आल्या एवढंच मोजत राहायचं, तसा हा हिशेब. म्हणून अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरायला सांगतात; टाकी काठोकाठ भरली की बादल्यांची मोजणी पुन्हा जुळते. ते मी नेमाने करतो. मग ४२ किलोमीटर गेले कुठे? बॅटरी म्हातारी झाली, की फक्त मोजण्याची पद्धत बदलली? पहिलं असेल तर तो वॉरंटीचा प्रश्न आहे. मी तीनदा विचारलं. उत्तर, ''सर, आता ॲक्युरेट दाखवतं.'' मग पावणेदोन वर्षं काय दाखवत होती, हे विचारण्याचं मी टाळलं. चहा पुन्हा आला होता.

मी मागतो आहे ते जगावेगळं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक १५६ खास गाड्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठीच आहे, आणि जुलै २०२४ पासून युरोपीय संघात नव्या सगळ्या गाड्यांना तो लागू आहे. हवेतून, म्हणजे नेटवर्कवरून, येणारं अपडेट सुरू करण्याआधी त्याचा हेतू काय, गाडीच्या कामात काय बदलणार, किती वेळ लागणार आणि त्या वेळात काय बंद राहणार हे वापरणाऱ्याला सांगावं लागतं. अपडेट फसलं तर गाडी जुन्या आवृत्तीवर परत गेली पाहिजे, नाहीतर सुरक्षित स्थितीत राहिली पाहिजे. वाचताना मला हसू आलं. हा आमचाच मेमो, फक्त सही नाही. आपल्याकडेही त्याच विषयावरचं एआयएस १९० हे मानक तयार झालं आहे. ते गाडीच्या पडद्यावर कधी उतरतं याची वाट पाहतो आहे.

अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने २० लाखांहून जास्त गाड्यांचा रिकॉल, म्हणजे दोष काढण्यासाठी गाड्या परत मागवणं, जाहीर केला. एकही गाडी गॅरेजमध्ये न्यायची नव्हती, दुरुस्ती हवेतूनच येणार होती. तरी त्याला रिकॉलच म्हटलं गेलं, नोंद झाली आणि मालकांना पत्रं पाठवायची ठरली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं. सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं. पण रात्री दोन वाजता दोष गुपचूप येतो आणि दुसऱ्या रात्री दोन वाजता गुपचूप जातो, तेव्हा तो होता याची साक्ष कोण देणार? आमचा वॉचमन?

राज्य सरकारने ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. चांगलं केलं, मी दोनदा जाऊनही आलो. गाडी घ्यावी म्हणून एवढं करता आहात तर घेतल्यावरचंही थोडं पाहा. परिवहन खात्याने कंपन्यांना एवढंच सांगावं की प्रत्येक अपडेटआधी काय बदलणार ते मराठीत, चार ओळींत, पडद्यावर आणि फोनवर द्या. ब्रेक, रिजन, दिवे यांच्या सेटिंग्ज चालकाला विचारल्याशिवाय हलवू नका. आणि आवृत्तीचा क्रमांक सर्व्हिस बुकात लिहा, जसे इंजिन ऑइल बदलल्याचे किलोमीटर लिहायचात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, ती तत्परतेने कंपनीकडे गेली. कंपनीचं उत्तरही आलं. त्यात पुढच्या अपडेटचा उल्लेख आहे.

तोवर मी घरचा नियम सुरू केला आहे. शंभर पानी वही, रकाने आखलेले: तारीख, किलोमीटर, आधीची आवृत्ती, नंतरची आवृत्ती, छोट्या बॅटरीचं व्होल्टेज, रिजनची पायरी. गाडी सौ.ही चालवते, म्हणून स्टेशन मास्तर ती. अपडेटला 'हो' म्हणण्याआधी मी तिच्याकडून डिस्कनेक्शनची सही घेतो, आणि सकाळी सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारून दाखवल्यावरच ती रिकनेक्शनची सही करते. गेल्या रविवारच्या अपडेटचा तो रकाना अजून कोरा आहे. मागचा वायपर कोरड्या काचेवर आपोआप सुरू होतो. तो थांबेपर्यंत सही मिळणार नाही म्हणते.

आपला नम्र,
एक निवृत्त सिग्नल निरीक्षक,
मुलुंड (पूर्व), मुंबई