नामावळीच्या वह्या जपायला हव्यात

महोदय,

आत्या गेल्यावर अस्थिविसर्जनासाठी आम्ही नाशिकला रामकुंडावर गेलो. गाव-आडनाव विचारून तीर्थोपाध्यायांनी लाल फडक्यात बांधलेली नामावळीची, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या वंशावळीची, वही काढली. पणजोबांची मोडीतली सही त्यांनीच वाचून दाखवली. आमच्यात कुणाला येते मोडी? जन्मभर मास्तरकी करून आत्याने भावांची शिक्षणं केली, पण वंशावळीत तिचं नावच नव्हतं. माहेरच्या वंशात लेकी धरत नाहीत म्हणे! आम्ही हट्टाने लिहून घेतलं. त्या पानांच्या कडा मात्र हात लावताच झडतात. २०२७च्या सिंहस्थासाठी कामं निघालीच आहेत, तर उपाध्यायांच्या संमतीने या वह्यांचं स्कॅनिंग आणि मोडी जाणकारांकडून देवनागरी लिप्यंतरही शासनाने हाती घ्यावं.

– एक वाचक, सिन्नर