तक्त्यावरची झोप

महोदय,

परवाचा दर्यावर्दींवरचा अग्रलेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलो. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार, भारताने त्याला 2015 मध्ये दिलेली मान्यता, हे सगळे आपण नीट मांडले आहे. त्याबद्दल आभार. एरवी एखादे जहाज जुहूच्या वाळूत रुतले तरच आमची आठवण होते. पण ‘आता खलाशाला दिवसाला किमान 10 तास विश्रांती मिळते’ हे वाक्य आपण कोणत्या खलाशाला विचारून लिहिलेत?

मी 31 वर्षे जहाजावर काढली, शेवटची 12 बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून. नियम मला पाठ आहे. 24 तासांत 10 तास, आठवड्यात 77, दहा तासांचे दोनापेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत आणि त्यातला एक तरी सलग 6 तासांचा हवा. प्रत्येकाचा विश्रांतीच्या तासांचा तक्ता असतो, त्यावर त्याची स्वतःची सही असते. हल्ली तक्ता कॉम्प्युटरवर भरतात. आराम कमी पडला की चौकोन लाल होतो. लाल चौकोन कॅप्टनलाही नको असतो आणि कंपनीलाही. मग तो रंग जाईपर्यंत तास बदलत राहतात. माणूस झोपलेला असतो तेवढाच.

2017 ची गोष्ट सांगतो. पाच होल्डचे, म्हणजे माल भरायच्या पाच कोठारांचे बल्क कॅरिअर होते, सुटा माल नेणारे जहाज. कोळसा उतरवला होता आणि पुढच्या बंदरात गहू भरायचा होता. मध्ये चार दिवसांचा प्रवास. कोळशाच्या होल्डमध्ये धान्य घ्यायचे तर भिंती, खाचा, बिल्ज म्हणजे तळाशी पाणी साचायचे खड्डे, सगळे धुवायचे, गंजाचे पापुद्रे खरवडायचे आणि शेवटी गोड्या पाण्याने धुऊन घ्यायचे. तपासणीत होल्ड नापास झाला तर जहाज भाड्याबाहेर जाते, तितका वेळ मालकाचे उत्पन्न बंद. ते चार दिवस आम्ही डेकवरची माणसे कधी तीन तास, कधी चार तास झोपलो, तेही तुटक तुटक. पाचव्या दिवशी पहाटे अडीचला जहाज बंदरात आत नेणारा पायलट चढला आणि सगळे परत जहाज धक्क्याला बांधायचे दोर द्यायला उभे.

श्रीवर्धनकडचा एक पोरगा माझ्याबरोबर पुढच्या बाजूला होता. ओएस म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा खलाशी, पहिलेच जहाज, वय 22. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहायचे नाही हे मी त्याला कितीदा तरी सांगितले होते आणि त्याला ते कळतही होते. पण त्या पहाटे तो उभ्या उभ्या पेंगत होता. मी त्याला हाक मारली तोवर दोर तुटला होता. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. आज तो लंगडतो. जहाज कायमचे सुटले.

कंपनीच्या अहवालात आले की अपघाताआधीच्या 24 तासांत त्याने 11 तास विश्रांती घेतली होती, तेव्हा दोष त्याच्या दुर्लक्षाचा. पुरावा म्हणून तक्ता जोडला होता. बंदरात तपासणी होईल म्हणून तो तक्ता आदल्या संध्याकाळीच भरून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. पोरगा अडला होता. म्हणाला, “काका, हे तास चुकलेत. काल तर आपण रात्रभर तीन नंबरच्या होल्डमध्ये होतो.” मी त्याला म्हणालो, “सही कर बाबा. वाद घातलास तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणार नाही.” हे मी बोललो, संपादक महाशय. अधिकाऱ्यांनी बोलायची वेळच आली नाही.

6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झीब्रुगा बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही प्रवासी आणि गाड्या नेणारी फेरी पुढचे दार उघडे राहून पाणी शिरल्याने उलटली आणि 193 माणसे गेली. ते दार बंद करायचे काम ज्याचे, तो असिस्टंट बोसन केबिनमध्ये झोपलेला होता. पण चौकशी त्याच्यापाशी थांबली नाही, कंपनीच्या वरच्या खुर्च्यांपर्यंत गेली. पुढे जहाज सुरक्षित चालवण्याची जबाबदारी कंपनीवरही टाकणारा आयएसएम कोड आला, 1998 पासून सक्तीचा झाला. आमच्या जहाजावरही तो कोड फायलीत होता, तरी चौकशी एका ओएसवर येऊन संपली.

तपासणीला येणाऱ्यांनी नुसता तक्ता पाहू नये. लॉगबुकात पायलट किती वाजता चढला, पहिला दोर किती वाजता गेला हे लिहिलेले असते. ते तक्त्याशेजारी ठेवून पाहावे आणि सर्वांत खालच्या पोराला कॅप्टनच्या माघारी विचारावे. आपली बहुतेक पोरे परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजांवर असतात, तिथे मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाचा हात कितपत पोहोचणार? बंदरातल्या तपासणीचाच काय तो आधार.

आणखी एक. अग्रलेखात आपण नोकरीसाठी पैसे उकळणाऱ्या एजंटांना झोडपले आहे. त्याच अंकात छोट्या जाहिरातींत ‘जहाजावर त्वरित भरती, अनुभवाची गरज नाही’ अशा तीन जाहिराती आहेत. खाली फक्त मोबाइल नंबर. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून फी घ्यायची नाही, मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसीचा (खलाशाच्या नोंदणी पुस्तिकेचा) खर्च तेवढा त्याचा, हे त्याच करारात आहे. आमच्या चाळीतल्या एका मुलाच्या वडिलांनी अशाच एका जाहिरातीवरून गावची जमीन गहाण टाकून तीन लाख दिले. आता त्या नंबरवर कोणी फोन उचलत नाही. परवानाधारक कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. जाहिरात घेताना परवाना क्रमांक मागा, तो यादीशी ताडून जाहिरातीत छापा. क्रमांक देत नसतील त्यांची जाहिरात परत करा.

आपला,
एक निवृत्त बोसन, घोडपदेव, मुंबई