टॉवरच्या फाटकाजवळची लाल तोंडे उघडून पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजावरची आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि उंच शिड्यांची छायाचित्रे छापून येतात. ती पाहून टॉवरमधल्या रहिवाशांना वाटते, आग लागली तर शिडी येईल आणि आपल्याला उतरवील.

मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटर उंचीची शिडी आहे, हे खरे. पण ती उभारायची तर गाडीचे जॅक दोन्ही बाजूंना पसरून टेकवण्याइतकी सपाट मोकळी जागा हवी, आणि खालचा स्लॅब तो भार पेलणारा हवा. राष्ट्रीय इमारत संहिता यासाठी ६ मीटर रुंदीची आणि ४५ टन भार सोसणारी वाट सांगते. प्रत्यक्षात तिथे कुंड्या, दुहेरी पार्किंग किंवा तळघरावरचे पोडियम असते. म्हणून उंच मजल्यावरची आग बहुधा जिन्यानेच गाठून आतून विझवावी लागते आणि त्यासाठीचे पाणी इमारतीच्या रायझरमधून, म्हणजे तळापासून वरपर्यंत गेलेल्या उभ्या पाइपातून, वर चढते.

‘बंब’ हा आपला शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला. त्याचा अर्थ पंप. बंबाची खरी ताकद पाणी ढकलण्यात आहे, साठवण्यात नाही. ४,५०० लिटरची टाकी असलेल्या बंबाचा पंप मिनिटाला २,२५० लिटरने पूर्ण चालवला, तर टाकी दोन मिनिटांत रिकामी होते. विसाव्या मजल्यासाठी पाणी नुसते ६० मीटर वर चढवायलाच दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब खर्च होतो. वर होजच्या (पाण्याच्या लवचीक नळीच्या) तोंडाशी साडेतीन किलो उरायला हवा आणि पाइपातले घर्षण वेगळेच. जिन्यातून होज जोडत नेला तर वळणावळणाला तो मुरगळतो आणि दाब आणखी पडतो. त्यामुळे सोसायटीचा फायर पंप बंद पडला, तर बंबाचा होज फाटकाजवळच्या ब्रिगेड इनलेटला, म्हणजे बाहेरून पाणी आत घेणाऱ्या लाल तोंडांना, जोडून रायझरमध्ये पाणी भरणे, हाच मार्ग राहतो.

या जोडणीमागे इंग्रजांच्या काळापासूनची एक उत्तम परंपरा आहे. होजचे कपलिंग, म्हणजे जोडायचे तोंड, ६३ मिलिमीटरचे, म्हणजे मूळचे अडीच इंची. आटे फिरवावे लागत नाहीत. नर तोंड मादीत दाबले की स्प्रिंगचे दात ‘खट्’ करून बसतात आणि दोन कान ओढले की सुटतात. अंधारात, धुरात, जाड हातमोजे घालूनही हे जमते. माप एकच असल्यामुळे ठाण्याचा बंब मदतीला आला तरी त्याचा होज मुंबईच्या इनलेटला बसतो. होजचे मादी तोंड आगीच्या दिशेने राहते, म्हणून इनलेटची तोंडे नर असतात आणि मजल्यावर रायझरला होज जोडायच्या लँडिंग व्हॉल्व्हचे तोंड मादी.

इतकी विचारपूर्वक केलेली व्यवस्था निकामी होते ती फार क्षुल्लक कारणांनी, आणि याचे वाईट वाटते. इनलेटचे झाकण हरवते आणि आत पाण्याच्या बाटल्या, गुटख्याची पाकिटे जातात. पाणी सोडल्यावर तोच कचरा वर जाऊन होजच्या नोझलमध्ये अडकतो. गनमेटलची तोंडे भंगारासाठी चोरीला जातात. दिवाळीआधी रंगकाम होते, तेव्हा लँडिंग व्हॉल्व्हचे कानही रंगात चिकटून बसतात. मादी तोंडातला रबरी वॉशर वाळून तुटलेला असतो, मग जोडातूनच कारंजे उडते. इनलेटमागचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) गंजून अडकतो किंवा उलटा बसवलेला असतो. मग बंबाने कितीही दाब दिला तरी थेंब वर जात नाही. कुठल्या तरी मधल्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह गाड्या धुण्यासाठी उघडून अर्धवट बंद केलेला असतो, आणि पाणी तिथेच वाहून जाते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक पंपघरात असते. रायझरला कुठेतरी बारीक गळती असते, त्यामुळे दाब राखणारा जॉकी पंप सारखा सुरू-बंद होतो. आवाजाला आणि विजेच्या बिलाला कंटाळून कोणीतरी पॅनलची कळ ‘ऑटो’वरून काढून ठेवते. मग आग लागली तरी पंप आपोआप सुरू होत नाही. गळती मात्र कोणी शोधत नाही.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ (आगीविरुद्धची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घ्यावा लागतो. तो घेताना सोसायटीच्या सभासदांनी समोर उभे राहून सर्वांत वरच्या मजल्यावर होज जोडायला लावावा, पाणी सोडायला लावावे आणि दाबमापकावर साडेतीन किलो दिसतात का ते पाहावे. मग सोसायटीचा पंप बंद ठेवून इनलेटमधूनही पाणी आत घेऊन पाहावे. इनलेटवर विंगचे नाव रंगवावे. रखवालदाराला इनलेट आणि भूमिगत टाकीचे झाकण कुठे आहे ते दाखवून ठेवावे, कारण बंब आल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

येत्या एप्रिलमध्ये आपण शिडीच्या छायाचित्राशेजारी ब्रिगेड इनलेटचेही एक स्पष्ट छायाचित्र छापावे, ही विनंती. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या अनेकांना ते कशासाठी आहे हे ठाऊक नसते.

आपला,
एक वाचक, भायखळा