अन्याला, कुवेतमधल्या अहमदीहून

प्रिय अन्या,

लिहीन लिहीन म्हणता राहूनच गेलं. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो तेवढाच.

आपली घरांची रांग पाडायला घेतलीय. कोपऱ्यातलं तुमचं, काकांचं घर गेलं, आमच्या घराचं छप्पर उतरवलं. इथे कुणाला सांगावं तर "जुनीच होती ना?" म्हणतात.

मला घोर आहे तो आमच्या अण्णांचा. दर शुक्रवारी चिपळूणहून फोन करतात आणि आधी विचारतात, "दारातला कडुलिंब कसा आहे?" अहमदी आपण वसवली असंच त्यांना वाटतं, आणि ते खोटं नाही रे. इथून जवळच बुरगानला १९३८ साली तेल लागलं, महायुद्धात विहिरींची तोंडं बुजवली, १९४६च्या जूनमध्ये पहिलं जहाज भरलं. मग या उघड्या माळावर तेल कंपनीचं शहर उठलं. हिशेब, टायपिंग, इस्पितळ सांभाळणारी आपली माणसं नसती तर ते चाललं असतं का? अण्णांचा पहिला पगार रुपयांत झाला होता, दिनार आला तो १९६१ला.

आमची ईरा आर्किटेक्चरला आहे, तिने प्रोजेक्टसाठी या शहराचा आराखडा शोधून काढला. तो करणारा जेम्स मॉलिसन विल्सन आधी नवी दिल्लीत ल्युटेन्सच्या हाताखाली होता! उत्तरेला साहेब, मध्ये आपण आणि पाकिस्तानी कारकून, दक्षिणेला अरब कामगार. "बाबा, कोणी कुठे राहायचं हे कागदावरच ठरलं होतं," ती म्हणाली. आपलं भांडण आठवलं. "कंपनीने घर दिलं, पाणी दिलं, अजून काय पाहिजे?" असं तू म्हणायचास. मला ते आजही पटत नाही. नोकरी संपली त्या दिवशी अण्णांनी किल्ली परत केली. इतकी वर्षं राहून इथे आपल्या नावावर एक वीट नाही.

१९९०ला इराकने कुवेत घेतल्यावर आपण बगदादवरून अम्मानला निघालो तेव्हा तीच किल्ली त्यांच्या खिशात होती. (तू बॅट राहिली म्हणून अम्मानपर्यंत रडलास, हे वहिनीला माहीत आहे का?) पुढच्या वर्षी अण्णा परत आले तेव्हा विहिरी अजून जळत होत्या. घर उभं होतं. कडुलिंब काजळीने काळा झालेला, त्याची पानं त्यांनी नळी लावून धुतली. लढाईतून वाचलेलं ते घर आता पाडतायत, हे मी त्यांना कसं सांगू? मागच्या शुक्रवारी "झाड छान आहे" म्हटलं. झाड आहे, म्हणून खोटं ठरलं नाही. पण पुढे काय?

मिहिरची दहावी कशी झाली? डोंबिवलीचा फ्लॅट विकलास की नाही? वहिनीला नमस्कार.

गणपतीला गुहागरला जाशीलच, तर वाटेत चिपळूणला उतर आणि अण्णांना तू सांग. मी सांगितलं तर "बरं" म्हणतील आणि फोन ठेवतील. काकांचंही घर गेलंय, तुझ्याजवळ अण्णा मोकळेपणी बोलतील. कधी जातोयस ते आधी कळव, म्हणजे फोटो पाठवायचे की नाही ते ठरवू.

तुझा,
बाळ्या