शहाद्याच्या ताईंना, चोपडा तालुक्यातून

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार.

आभार मानू नका, असे तुम्ही मला दोनदा बजावले आहे. तरीही हे पत्र लिहीत आहे, आणि सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे. त्या रात्री माझ्या मांडीवर अकरा दिवसांचे बाळ रडत होते आणि शहाद्यात माझे ऐकून घेणारे कोणी जागे आहे, याची मला कल्पना नव्हती. अशी रात्र आज जिच्या वाट्याला आली असेल, तिला तुम्ही काय केलेत हे कळायला हवे.

बाळाचा जन्म एप्रिलमध्ये सिझेरियनने झाला. जन्मानंतर तासाभरात त्याला छातीशी घ्यायला हवे होते; प्रत्यक्षात पहिले दोन दिवस त्याला पावडरचे दूध मिळाले आणि चिकाचे दूध वाया गेले. माहेरी आल्यावर स्तनाग्रांना चिरा पडल्या, बाळाला पाजायला घेतले की डोळ्यांत पाणी येई, आणि ते संध्याकाळभर किरकिरत राही. ‘हिला दूधच पुरत नाही’ हे घरात कोणी वाईट बुद्धीने म्हणत नव्हते, पण दिवसातून दहा वेळा कानांवर पडल्यावर मलाही ते खरे वाटू लागले. मैत्रिणीने मला मातांच्या व्हॉट्सॲप गटात घेतले होते. रात्री अडीच वाजता मी तिथे एवढेच लिहिले की दूध येत नाही, कोणता डबा आणू?

डब्याविषयी तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘चोवीस तासांत लंगोट किती ओले झाले?’ मी मोजलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मोजले, तर सात भरले. पावडरचे दूध दोनच वेळा दिले होते. मग बाकीचे लंगोट कशाने ओले झाले, असे तुम्ही विचारलेत, आणि त्या एका हिशेबाने माझ्या मनातली भीती निम्मी झाली. तरीही केवळ लंगोटांवर विसंबू नका, वजन पाहा, असे तुम्ही निक्षून सांगितलेत. आशाताईंनी चौदाव्या दिवशी वजन केले तेव्हा ते जन्माच्या वजनाहून ५० ग्रॅम कमी होते. एकविसाव्या दिवशी २०० ग्रॅमने वाढले. मधल्या आठवड्यात तुमच्या सांगण्यावरून डॉक्टरांना विचारून पावडरचे दूध टप्प्याटप्प्याने कमी केले आणि जे दिले, ते बाटलीने न देता वाटी-चमच्याने दिले.

त्या आठवड्यात तुम्ही व्हिडिओ कॉलवर तुमच्या मुलीची बाहुली हातात घेऊन बाळाला कसे धरायचे ते दाखवलेत. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले, डोके आणि अंग एका रेषेत, तोंड मोठे उघडेपर्यंत धीर धरायचा, मग हनुवटी स्तनाला टेकेल आणि खालचा ओठ बाहेर वळेल असे जवळ घ्यायचे. मी फक्त स्तनाग्रच त्याच्या तोंडात देत होते, म्हणून चिरा पडत होत्या. इतकी साधी गोष्ट मला आधी कोणीच शेजारी बसून दाखवली नव्हती. बाळ जितके ओढील तितके दूध तयार होते, संध्याकाळी ते पुनःपुन्हा मागते म्हणजे दूध आटले असे नव्हे, हेही त्याच वेळी समजले.

आजीशी तुम्ही जे बोललात, त्याचे ऋण मला वेगळे मानायचे आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि अशा उन्हात तान्ह्या जिवाला पाण्याचा घोटही द्यायचा नाही, हे आजीला क्रौर्य वाटत होते. मी तिच्याशी वाद घालत होते. तुम्ही घातला नाहीत. तुम्ही अहिराणीत तिची विचारपूस केलीत आणि सहा लेकरांना तिने शेतातली कामे सांभाळून कसे पाजले, ते अर्धा तास ऐकलेत. त्यानंतर सांगितलेत की आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, उन्हाळ्यात बाळ अधिक वेळा मागेल तेव्हा अधिक वेळा पाजावे, आणि वरच्या पाण्याने त्याचे पोट भरले तर दूध कमी ओढले जाईल, शिवाय जुलाबाची भीती राहील. पाणी हवे आहे ते बाळाच्या आईला, हे तुमचे वाक्य आजीने उचलून धरले. तेव्हापासून माझ्या उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या असे आणि तो रिकामा दिसला की मलाच बोलणी बसत.

जूनमध्ये मला ताप भरला, एका बाजूला लाल, दुखरी गाठ आली. तेव्हा तुम्ही कोणताही घरगुती उपाय सुचवला नाहीत. ‘हे माझ्या आवाक्यातले नाही, आजच्या आज डॉक्टरांकडे जा, आणि त्या बाजूने पाजणे थांबवू नका,’ एवढेच लिहिलेत. डॉक्टरांनी औषध दिले आणि पाजणे चालू ठेवायलाच सांगितले. तुम्ही डॉक्टर नाही, परिचारिका नाही. दोन लेकरांना पाजलेली आई आहात, आणि आपली मर्यादा कुठे येते हे तुम्हाला नेमके माहीत आहे. माझा तुमच्यावरचा विश्वास त्या दिवशी पक्का झाला.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये स्तनपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या, त्यांतली दहावी अशी की मातांचे आधारगट उभे राहावेत आणि घरी जाणाऱ्या आईला त्यांच्याकडे पाठवावे. आपल्या देशात १९९२ चा कायदा बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करू देत नाही. कायद्याने जाहिरात थांबते. पण रात्री अडीच वाजता घाबरलेल्या बाईला डबा आठवतोच, आणि तिथे जागे माणूसच लागते. तुम्ही ते काम एक पैसा न घेता, स्वतःच्या घरातली कामे उरकून करता.

सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचे अन्न सुरू केले. कुस्करलेले केळे, घट्ट वरण-भात, आणि आता वरणात मऊ भिजवलेली कळण्याच्या भाकरीची चतकोर, चमच्यावरून ओघळणार नाही इतपत दाट. मीठ-साखर नाही. अंगावर पाजणे चालूच आहे आणि दोन वर्षांपर्यंत तरी चालू ठेवायचे ठरवले आहे.

आजी तुम्हाला ‘शहादानी पोर’ म्हणते. दत्तजयंतीला ती दरवर्षीप्रमाणे सारंगखेड्याच्या यात्रेला येणार आहे आणि या खेपेला बाळाला घेऊन मीही येत आहे. तिने आपल्या दोन जुन्या लुगड्यांची गोधडी तुमच्या धाकटीसाठी शिवून ठेवली आहे. त्या दिवशी दुपारी तुम्ही घरी असाल का, तेवढे कळवावे.

आपली कृतज्ञ,
चोपडा तालुक्यातील एक आई